हात वर झाला नाही, असा चित्रपट

जव्हारच्या एस.टी. स्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षे बसलो. त्या खोलीच्या एका कोपऱ्यात गाड्यांत विसरलेल्या छत्र्या जमत. मुद्दाम कोणी जमवीत नसे. एक ठेवली, की आठवड्याने तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राही, आणि दिवाळीपर्यंत त्या कोपऱ्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. किस्स्यांचेही तसेच आहे. लोकांनी चित्रपट काढले, आम्ही ते पाहिले, आणि हे किस्से मागे राहिले. न्यायला मालक आले नाहीत, म्हणून आज मीच ते बाहेर काढतो.

चित्रपटांची नावे मात्र सांगणार नाही. कोणाच्या पोटावर पाय आणण्याची माझी इच्छा नाही. शिवाय हे चित्रपट वाईट नव्हते. वाईट चित्रपटावर रागावण्यात अर्थ नसतो. घरी पोहोचेपर्यंत तो आपण विसरलेले असतो. संताप येतो तो चांगल्या चित्रपटाचा, जो थोर होता होता राहून जातो. आणि राहतो कशामुळे? निव्वळ आळसामुळे!

आमचे मंडळ चार जणांचे. दर शनिवारी दुपारी दोन वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना निळी ताडपत्री लावून आम्ही चित्रपट पाहतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण याच वाचनालयाच्या कपाटांनी केले, म्हणून मंडळ येथे भरावे हा आग्रह माझा. यंत्रसामग्री गुरुजींची. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि प्रोजेक्टर व लॅपटॉप त्यांच्या मुलाने नाशिकहून पाठविलेले. तिसरा देवराम, शिरपामाळच्या बाजूचा शेतकरी, भात आणि नाचणी पिकवणारा. चौथ्या जानकीताई. वावर गावाच्याही पलीकडे एका पाड्यावर त्यांनी अंगणवाडी चालवली. आता निवृत्त होऊन जव्हारला मुलीकडे असतात.

मंडळाचा नियम मी घालून दिला. चित्रपट चालू असताना काही खोटे दिसले, तर पाहणाऱ्याने हात वर करायचा. हात वर झाला, की गुरुजी चित्रपट थांबवतात. तक्रारदाराने उभे राहून तक्रार सांगायची, मी ती वहीत नोंदवायची, मग पुढे. ज्या चित्रपटात एकही हात वर होणार नाही, तो थोर. बाकीचे चांगले, किंवा टाकाऊ. यात कल्पनेला बंदी नाही, हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. राक्षस आकाशात उडाला तर आमची हरकत नसते. राक्षसाच्या आईने भाकरी चुकीची थापली, तर असते!

दुसरा नियम लॅपटॉपने घालून दिला. थांबवलेल्या चित्रपटाला पाच मिनिटे कोणी हात लावला नाही, तर तो आपोआप पडदा काळा करतो. तेव्हा पडदा काळा झाला, की तक्रार संपली. हा नियम मुख्यतः माझ्यासाठी आहे, असे देवराम म्हणतो.

वहीचे शेवटचे पान मी पट्टीने रेघा आखून 'थोर' या शीर्षकाखाली राखून ठेवले आहे. मंडळ सुरू होऊन नऊ वर्षे झाली. ते पान कोरे आहे. माझे वय एकोणऐंशी. ते कोरे सोडून जाणे माझ्या जिवावर येते, आणि खोट्याने भरून जाणे त्याहून जिवावर येते. माझे एवढेच एक दुखणे आहे. बाकी गुडघे सर्वांचेच दुखतात.

*

पहिला किस्सा माझ्यावरचाच घेतो, म्हणजे पुढे कोणी पक्षपात म्हणायला नको.

नायिका घर सोडून निघते, असा प्रसंग होता. सकाळचे धुके, घाट, लाल एस.टी., गाडीवर 'मोखाडा-जव्हार' अशी पाटी. छायाचित्रण उत्तम. अभिनयही संयत. माझ्या मनात आले, आज पान भरणार! तेवढ्यात नायिका खिडकीला डोके टेकवून डोळे मिटते, उघडते, आणि समोर समुद्र! तोच दिवस, तीच कोवळी सकाळ, आणि गाडी तीच!

मी दोन्ही हात वर केले.

"कोणत्या फेरीची गाडी ही?" मी उभा राहून विचारले. "मोखाड्याहून समुद्राला थेट गाडी मी एकतीस वर्षांत सोडलेली नाही. हिला जव्हारला उतरावे लागेल. पुढची गाडी मिळेपर्यंत फलाटावर बसावे लागेल. तेथे पाणी प्यावे लागेल, पिशवी सांभाळावी लागेल, ओळखीचे कोणी भेटेल की काय या भीतीने पदर ओढून घ्यावा लागेल. घर सोडलेल्या बाईची खरी कसोटी त्या फलाटावरच लागते! परत जाणारी गाडी समोर उभी असते, आणि तिच्यात जागाही असते! आणि नेमके तेच या माणसांनी कापून टाकले!"

मी कोणत्या गाडीनंतर कोणती गाडी, हे सांगण्यास सुरुवात केली. पडदा काळा झाला. मी बोलतच होतो.

देवराम म्हणाला, "नाना, ती बाय गेली पण समुद्रावर, पाय भिजवून आली. तुम्हीच अजून फलाटावर!"

वहीतील नोंद: चांगला. फलाट गाळला नसता, तर थोर.

*

देवरामने दुसऱ्यांना हसावे, हे ठीकच. पण त्याचा स्वतःचा संताप पाहण्यासारखा असतो.

एक चित्रपट शेतावर होता. शेतकऱ्याच्या जीवनाचे म्हणे वास्तव दर्शन. नायिका नामांकित, आणि तिने या भूमिकेसाठी महिनाभर चिखलात काम केले, असे गुरुजींनी आधीच मोबाइलवर वाचून आम्हांला ऐकवले होते. आवणीचे दृश्य आले. पाऊस पडतो आहे, मागे गाणे चालू आहे, आणि नायिका वाकून भाताची रोपे लावते आहे.

देवरामचा हात असा वर गेला, की छताचा पंखा चालू नव्हता हे त्याचे नशीब.

"गुरुजी, थांबवा! मागं घ्या. अजून मागं. आता बघा नाना, ही कुठं चाललीय?"

"कुठे म्हणजे? रोपे लावते आहे."

"लावते आहे, पण चाललीय कुठं? पुढं चाललीय! आवणी मागं मागं सरकत करतात. ही लावते आणि त्याच्यावरच पाय देऊन पुढं जाते. लावते आणि तुडवते! महिनाभर चिखलात होती म्हणता, तर तिथल्या एका तरी बायनं हिला हाक मारली नाही?"

गुरुजी समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो देवराम, मागे सरकत कॅमेऱ्यापासून लांब गेली असती, तर तिचा चेहरा कसा दिसला असता?"

"दिसायला कशाला पाहिजे? आवणीत कुणाचा चेहरा दिसतो? माझ्या बायकोचं तोंड मी आवणीच्या दिवसांत फक्त जेवताना बघतो!"

आम्ही कशीबशी समजूत घातली. चित्रपट पुढे गेला. शेवटी वादळ शमते, कर्ज फिटते, आणि वाऱ्यावर डोलणारे, माणसाच्या कमरेएवढे भात दिसते. देवराम इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने मान वळवली, पडद्याकडे पाहिले आणि पुन्हा हात वर केला.

"आता काय?" मी विचारले.

"तक्रार नाही नाना. एवढंच विचारा त्यांना, हे बियाणं कुठलं? हिच्या पायाखालून उठून एवढं आलंय! मला दोन पायल्या पाहिजे."

*

तिसरा किस्सा सांगावा की न सांगावा, यावर मी पुष्कळ विचार केला. पण मंडळाची वही सत्यासाठी आहे, आणि त्यातून मला सूट नाही.

गुरुजी म्हणजे रडवे प्रेक्षक. नावे झळकू लागली, की रुमाल बाहेर. त्यांना प्रत्येक चित्रपट थोर वाटतो. "अप्रतिम, नाना! काळीज हलले!" मी म्हणे, "गुरुजी, तुमचे काळीज हलत नाही असा एखादा सांगा, म्हणजे तुलना करता येईल."

एकदा त्यांनी एक चित्रपट लावला. दोन भावांची कथा. धाकटा रागाने घर सोडतो, थोरला त्याला शोधत गावोगाव हिंडतो. एका घाटाच्या वळणावर थोरला थांबतो, दूर कोणीतरी पाठमोरे चाललेले दिसते. तो हाक मारण्यासाठी तोंड उघडतो आणि चित्रपट संपतो. हाक ऐकू येत नाही! सगळा अंधार!

मी थक्क झालो. हल्ली इतके धैर्य कोणात असते? तो धाकटा होता की नव्हता, हाक पोहोचली की नाही, सर्व आपल्यावर सोडून दिलेले! हातही या चित्रपटात एकच वर झाला होता, तोही देवरामचा, बैलाच्या शिंगांवरून. त्या एका शिंगापायी पान हुकले, म्हणून मी देवरामशी आठ दिवस नीट बोललो नाही. वहीत त्या शेवटावर मी दीड पान लिहिले. 'मौनाचे सामर्थ्य' असे त्याला शीर्षकही दिले.

पुढच्या शनिवारी गुरुजी कान धरूनच आले.

"नाना, रागावू नका. तो चित्रपट दोन तुकड्यांत होता. आपण पहिलाच पाहिला. दुसरा मला काल सापडला."

जानकीताईंनी पदर तोंडाला लावला. देवरामने काहीच लावले नाही. तो उघड हसला.

आम्ही दुसरा तुकडा पाहिला. तासभर चालला. हाक ऐकू येते, भाऊ वळतो, मिठी, मारामारी, पुन्हा मिठी, लग्न, बारसे. एकूण सात वेळा हात वर झाले, त्यांतले पाच माझे.

माझे दीड पान मी खोडले नाही. मी आजही म्हणतो, त्यांनी जेथे चित्रपट संपवला त्यापेक्षा गुरुजींनी जेथे संपवला तेच योग्य होते!

*

आमच्या डोंगरातल्या माणसांवर चित्रपट निघाला, की माझी धडधड वाढते. कारण पडद्यावर येणारी माणसे आमच्यासारखी दिसतात, आणि तोंड उघडले की कोणत्या गावची म्हणावीत ते कळत नाही. जव्हारचा म्हातारा बोलतो सातारच्या पाटलासारखा, त्याची सून पुण्याच्या बातम्यांसारखी, आणि नातू हिंदी मालिकेसारखा. एकाच चुलीभोवती तीन जिल्हे!

अशाच एका चित्रपटाच्या वेळी मी हात वर करून चांगला कडाडलो. म्हणालो, "या लोकांनी येथे येऊन एक आठवडा कान उघडे ठेवले असते, तरी पुरे होते. पाड्यावरच्या माणसाच्या तोंडी त्याची बोली घाला. आम्हांला नाही कळली तर खाली अक्षरे घाला. पण ऐकण्याचे कष्टच घ्यायचे नाहीत, म्हणजे काय! माणसांसमोर बोलायचे, आणि ती काय बोलतात त्याचा पत्ताच नाही!"

माझे भाषण उत्तम चालले होते. तेवढ्यात देवराम शांतपणे म्हणाला, "हे खरं बोललात नाना. आता एक सांगू का? तुम्ही भोंग्यावर बोलायचात ना, 'फलाट क्रमांक दोनवरून थोड्याच वेळात प्रस्थान करील'..."

"तर? एकतीस वर्षांत एक शब्द चुकलेला नाही!"

"चुकला नसंल. पण आमच्या पाड्यावरच्या कुणालाच कळायचं नाही. मोठं काहीतरी चाललंय एवढं कळायचं. आम्ही सगळे ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघत बसायचो. त्यानं विडी टाकली, की उठायचो."

मी तक्रार पुढे चालवली नाही. गुरुजींनी, पडदा काळा होण्याची वाट न पाहता, चित्रपट सुरू केला.

*

मध्यंतरी वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक टूम काढली. आमच्या नोंदी फार लांबट होतात, तेव्हा आम्ही तारे द्यावेत. एक ते पाच. व्हॉट्सअपवर टाकायला बरे.

मी विचारले, "चांगला, पण थोर नव्हे, याला किती तारे?"

"साडेतीन."

"अर्धा तारा कशाचा?"

"म्हणजे... सगळ्याला एवढे तेवढे असते हो, नाना."

मी त्यांना म्हणालो, "कार्यवाह, एवढे तेवढे असते म्हणूनच तर एवढे तेवढे चित्रपट निघतात! तुमच्यासारख्यांनी अर्ध्या ताऱ्यावर सोडून दिले, म्हणून!"

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नमस्कार करणेही चार महिने बंद होते.

*

जानकीताई हात वर करीत नाहीत. भिंतीला टेकून, पाय दुमडून बसतात आणि पाहतात. काय कसा वाटला विचारले, तर "बरा होता" म्हणतात. नऊ वर्षांत त्यांनी मोजून एकदा हात वर केला होता.

तो चित्रपट भुकेवर होता. आमच्याच डोंगरातल्या त्या जुन्या वर्षावर, जेव्हा वावर-वांगणीकडची लहान मुले दगावली आणि पूर्वी कधी न आलेल्या सरकारी जीपगाड्या या रस्त्याने आल्या. चित्रपट तळमळीने काढलेला होता, हे मी मान्य करतो. एका दृश्यात मूल जाते, आणि आई छाती पिटून, केस मोकळे सोडून आक्रोश करते. कॅमेरा तिच्याभोवती गरगर फिरतो. गुरुजींचा रुमाल भिजून चिंब झाला होता.

आणि जानकीताईंचा हात वर झाला. गुरुजींना प्रथम ते दिसलेच नाही. मीच ओरडून थांबवायला लावले.

त्या उभ्या राहिल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "असा आवाज झाला नव्हता, नाना."

मी वही पुढे ओढली.

"माझ्या पाड्यावर सुकरी म्हणून पोर होती. दीड वर्षाची. आढ्याला वजनाचा काटा टांगायचा, त्याला झोळी लावायची, पोर झोळीत ठेवायची, काटा बघायचा. दर महिन्याला. सगळी पोरं झोळीत रडायची. ही हसायची. वजन भरायचं नाही, पण झोका वाटायचा तिला. पुढच्या महिन्याला तिची आई आली, ती मोकळ्या हातानं आली. रांगेत बसली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाकीच्या पोरांची वजनं झाली. मग ती उठली, काट्याची झोळी सोडली, घडी केली, माझ्या हातात दिली आणि गेली."

मी पेन धरून बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"एवढंच. आवाज नव्हता. लिहा."

पडदा काळा झाला होता. मी लिहिले: आवाज नव्हता.

*

आता शेवटचा. हा गेल्या हिवाळ्यातला.

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून एक तरुण दिग्दर्शक मोखाड्यात येऊन राहिला होता. त्याला त्याच जुन्या वर्षावर चित्रपट करायचा होता. मी त्याला स्वच्छ सांगितले, "या विषयावर चांगले चित्रपट झाले आहेत. आणखी एका चांगल्याची आम्हांला गरज नाही." तो रागावला नाही. त्याने आमची वही मागितली, आणि वाचनालयात बसून तीन दिवस ती पहिल्या पानापासून वाचली. जानकीताईंकडेही तो दोन दुपारी जाऊन बसला. त्यांनी त्याला नाचणीची भाकरी घातली आणि सुकरीचेही सांगितले. जाताना त्याने वहीचे शेवटचे पान उलटून पाहिले.

"नाना, हे पान मला हवे आहे."

"ते मागून मिळत नाही," मी म्हणालो.

चित्रपट पुरा झाला. कोणालाही दाखवण्याआधी तो आमच्या मंडळापुढे लावायचा, असे त्याने कळवले आणि शनिवारी दुपारी स्वतः येऊन मागे उभा राहिला. कार्यवाहही आले. नमस्कार करून माझ्या कानाशी म्हणाले, "नाना, आज मोठ्या मनाने बघा हो. गावाचं नाव होईल."

"माझे मन आहे तेवढेच आहे," मी म्हणालो, आणि वही उघडली.

सुरुवातीलाच एस.टी. आली. मी पुढे सरसावून बसलो. मोखाड्याची बाई गाडीत बसली, जव्हारला उतरली, फलाटावर बसली. पाणी प्याली. पदर ओढून घेतला. परत जाणारी गाडी समोर उभी राहिली आणि निघून गेली. मी हात मांडीखाली दाबून धरला होता. तो दाबण्याची गरज उरली नाही.

भोंग्यावर घोषणा झाली. माणसे ड्रायव्हरच्या तोंडाकडे पाहत बसली होती. देवरामने मला कोपर मारले. मी दुर्लक्ष केले.

आवणी आली. बाया मागे मागे सरकत होत्या. एकीचाही चेहरा दिसत नव्हता. देवराम हळूच म्हणाला, "माझंच खाचर आहे ते." बोली पाड्यावरची होती, खाली अक्षरे होती. एक तास गेला, दीड तास गेला. गुरुजींचा हात बटणाजवळ तयार होता आणि कोणी त्यांना बोलावीत नव्हते. त्यांनी रुमालही काढला नव्हता. आमच्या खोलीत इतका वेळ चित्रपट सलग चालू राहिल्याचे मला आठवत नाही.

माझा ऊर भरून आला होता, हे मी लपवीत नाही. मी अंधारात चाचपडत वहीचे शेवटचे पान काढले. पेनाचे टोपण काढले. फक्त शेवटचे दृश्य उरले होते.

अंगणवाडी. आढ्याला काटा, काट्याला झोळी. बाया रांगेत बसलेल्या. एकेक पोर झोळीत जाते आणि रडते. रांगेच्या टोकाला एक बाई बसली आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ थांबतो, मग हलकेच खाली येतो.

तिच्या मांडीवर मूल होते.

ती उठते. मूल झोळीत ठेवते. झोळी झुलते, काटा सरकतो, आणि मूल खुदकन हसते.

जानकीताईंचा हात वर झाला.

गुरुजींनी बटण दाबले. झोळीतले हसू पडद्यावर तसेच थांबले. मागे दिग्दर्शक अस्वस्थ झालेला मला जाणवला. मी मागे न पाहता विचारले.

"बोला, जानकीताई. काय खोटे आहे?"

त्या पडद्याकडेच पाहत होत्या. हात अजून वर होता.

"सगळंच खोटं आहे, नाना. लिहू नका."

"मग तक्रार काय नोंदवू?"

"तक्रार नाही. थांबू द्या जरा. हसतेय."

दिग्दर्शक पुढे येत म्हणाला, "ताई, पुढे अजून दोन मिनिटं आहेत. शेवट..."

देवरामने त्याची बाही धरून त्याला खाली ओढले. "बसा साहेब. इथं माझ्याजवळ बसा."

तो बसला. कार्यवाह दारात उभे होते, तेही बसले. मी पेनाला टोपण लावले. ताडपत्रीच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. ती भिंतीवरून सरकत खुर्चीवर आली, खुर्चीवरून जमिनीवर उतरली. गुरुजी लॅपटॉपजवळ ताठ बसून होते. पडदा मंदावू लागला, की ते हलकेच एक बोट टेकवीत, आणि तो पुन्हा उजळे.